विक्रम मोठा कीं अजिंक्यपद?

इ. स. १९३२ च्या डिसेंबरांत शिकागो शहरावर बर्फाचा असा मारा झाला कीं, उघड्या मैदानावर फुटबॉलचा सामना खेळविणें अशक्य होऊन बसलें. हंगामाच्या अखेरीस दोन संघ बरोबरीस येऊन ठेपले होते. एक शिकागोचा बेअर्स, दुसरा ओहायो राज्यांतील पोर्ट्‌समथ या लहानशा गांवचा स्पार्टन्स. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोण, हें एका जादा सामन्यानें ठरवावयाचें होतें. तेव्हां हा सामना छपराखालींच घ्यावा असें ठरलें. शिकागो स्टेडियम नांवाच्या बंदिस्त क्रीडागृहांत नुकताच सर्कशीचा मुक्काम होऊन गेला होता आणि तिची माती जमिनीवर तशीच पसरलेली होती. जागा इतकी अपुरी कीं, शंभर यार्डांचें मैदान ऐंशीं यार्डांवर आणावें लागलें. पोर्ट्‌समथचा सर्वांत हुषार गडी डच क्लार्क हा तर आलाच नाहीं. कोलोरॅडोमधील एका कॉलेजांत बास्केटबॉल शिकविण्याची नोकरी त्यानें पत्करली होती व तेथून त्याची सुटका झाली नाहीं. १८ डिसेंबरच्या रात्रीं हा विलक्षण सामना झाला. ब्रॉन्को नागुर्स्कीनें रेड ग्रेंजकडे फेंकलेल्या एका चेंडूवर त्याचा निकाल लागला. ती फेंक नियमबाह्य असल्याची तक्रार झाली, पंचांनीं ती फेटाळली, आणि पुढच्या वर्षीं तो नियमच बदलण्यांत आला. बेअर्सनीं सामना ९–० असा जिंकला.

अशा अखेरच्या सामन्याची लोकांना केवढी गोडी आहे, हें नॅशनल फुटबॉल लीगच्या चालकांनीं त्या रात्रीं ओळखलें. तोंपर्यंत अजिंक्यपद म्हणजे हंगाम संपल्यावर जयापजयांची बेरीज करून बहाल करावयाचा एक मान होता. १९३३ पासून संघांचे दोन गट पाडण्यांत आले व दोन्ही गटांतील अग्रेसर संघांनीं दरवर्षीं अंतिम सामना खेळावा, असा प्रघात सुरू झाला. योगायोग असा कीं, ज्या सालीं या सामन्याचें बीं पडलें त्याच १९३२ सालीं लीगनें प्रत्येक गड्याच्या कामगिरीचा अधिकृत हिशेब ठेवण्यास आरंभ केला. त्या हिशेबांतला धांवण्याचा पहिला मान बोस्टनच्या क्लिफ बॅटल्स याला मिळाला. हंगामभरांत त्यानें ५७६ यार्डांची मजल मारली होती. त्याच्या संघानें मात्र चार सामने जिंकले, चार गमावले आणि दोन बरोबरींत सोडविले. अजिंक्यपद आणि व्यक्तीचा विक्रम हीं अमेरिकन फुटबॉलचीं जुळीं भावंडें म्हणावयाचीं. पण त्यांचें आपसांत पटेलच असें नाहीं, हें पहिल्याच वर्षीं दिसून आलें.

तेव्हांपासून नव्वदांहून अधिक वर्षें एक वाद अमेरिकेंत चालत आला आहे. एखाद्या गड्याची थोरवी त्याच्या नांवावर लागलेल्या आंकड्यांनीं ठरवावयाची, कीं त्याच्या संघानें जिंकलेल्या अजिंक्यपदांनीं? वरवर पाहतां हा रिकामपणाचा वाद वाटेल. परंतु त्या खेळांत माणसें आपलीं शरीरें झिजवितात, क्वचित् आयुष्यहि पणास लावतात. तीं कशासाठीं लावावयाचीं, असा प्रश्न या वादाच्या तळाशीं आहे.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्या डोळ्यांपुढें पायांनीं खेळावयाचा फुटबॉल उभा राहील. नांवाखेरीज दोहोंत साम्य थोडेंच. येथें चेंडू लंबगोल असतो. तो हातांत धरून धांवावयाचें किंवा पुढें असलेल्या सोबत्याकडे फेंकावयाचा. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. सरकला तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. हा नियम मूळचा नव्हे. न्यू जर्सी राज्यांतील रट्गर्स व प्रिन्स्टन या कॉलेजांनीं १८६९ च्या ६ नोव्हेंबरला जो पहिला सामना खेळला, तो नुसता पायांचा व धक्काबुक्कीचाच होता. पुढें येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पनें १८८० सालीं अशी योजना आणली कीं, चेंडू एका संघाच्या निर्विवाद ताब्यांत असावा आणि दोन्ही फळ्यांनीं समोरासमोर उभें राहून डाव सुरू करावा. पण १८८१ सालीं येल व प्रिन्स्टन यांच्या सामन्यांत दोन्ही संघांनीं आळीपाळीनें अर्धा अर्धा वेळ चेंडू नुसता कवटाळून ठेवला व सामना ०–० असा संपला. प्रेक्षक अर्थात् वैतागले. त्यावर उपाय म्हणून १८८२ सालीं तीन प्रयत्नांत पांच यार्ड सरकण्याची सक्ती करण्यांत आली. आजचा चार प्रयत्नांचा व दहा यार्डांचा नियम १९१२ चा आहे. पांच यार्ड झाले कीं नाहींत हें पाहण्यासाठीं मैदानावर पांढऱ्या आडव्या रेघा आंखाव्या लागल्या. मांस भाजण्याच्या लोखंडी जाळीसारखें तें मैदान दिसूं लागलें, म्हणून त्याला ‘ग्रिडआयर्न’ हें नांव पडलें. गड्यांच्या विक्रमांचा उगम खरोखर या रेघांत आहे. कॅम्पला कोणा व्यक्तीचें कौतुक मोजावयाचें नव्हतें, त्याला फक्त रखडणारा खेळ हलता करावयाचा होता. परंतु मैदान एकदां मोजलें गेलें तेव्हां त्यावर धांवणारा माणूसहि मोजला जाणार हें ओघानेंच आलें.

आरंभींच्या काळांत या वादाचा निकाल लोकांनीं उघडउघड व्यक्तीच्या बाजूनें दिला होता. धंदेवाईक फुटबॉलची लीग १९२० सालीं ओहायोंतील कँटन या गांवीं स्थापन झाली. त्या दिवसांत सभ्य लोक कॉलेजांचा खेळ पाहात; पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे कोणी फारसें फिरकत नसे. इलिनॉय विद्यापीठाच्या रेड ग्रेंजनें १९२४ च्या ऑक्टोबरांत मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांतच चार टचडाउन केले आणि त्याचें नांव घरोघर पोंचलें. टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेघेपार जाणें; त्याचे सहा गुण. १९२५ च्या नोव्हेंबरांत ग्रेंजनें कॉलेजचा शेवटचा सामना खेळून लगोलग बेअर्सचा करार केला. त्याला पाहण्यासाठीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ६ डिसेंबर रोजीं सुमारें सत्तर हजारांचा जमाव लोटला, आणि नव्यानें निघालेला व कर्जांत रुतलेला न्यूयॉर्क जायंट्स हा संघ त्या एका दिवसाच्या उत्पन्नावर तगला. त्याच दिवशीं शिकागोंत दुसराहि एक सामना झाला. पेन्सिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणींच्या मुलखांतल्या पॉट्‌सव्हिल संघानें शिकागो कार्डिनल्सना २१–७ असें हरवून अजिंक्यपदावर हक्क मिळविला. पुढें दुसऱ्या संघाच्या हद्दींत एक खासगी सामना खेळल्याच्या कारणावरून पॉट्‌सव्हिलला निलंबित करण्यांत आलें व तें पद कार्डिनल्सकडे गेलें. पॉट्‌सव्हिलचे लोक तो अन्याय अजून विसरलेले नाहींत. उरलेल्या देशाला त्याची खबरहि नव्हती. देश ग्रेंजकडे पाहात होता.

हें पारडें फिरलें तें दूरचित्रवाणीमुळें. १९५८ च्या २८ डिसेंबरला बाल्टिमोर कोल्ट्सनीं जायंट्सना जादा वेळेंत २३–१७ असें हरविलें, तो सामना लक्षावधि लोकांनीं घरीं बसून पाहिला. प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्याशीं खेळावयाचा सामना १९६७ च्या जानेवारींत सुरू झाला. तोच पुढें ‘सुपर बोल’ या नांवानें राष्ट्रीय सण होऊन बसला. विजेत्या संघांतील प्रत्येकास रत्नजडित अंगठी मिळते. त्यामुळें “याच्या अंगठ्या किती?” हा एकच प्रश्न टीकाकारांच्या तोंडीं खेळूं लागला.

परंतु खुद्द गड्यांच्या मनांत हा प्रश्न इतका सरळ नव्हता. क्लीव्हलंडचा जिम ब्राउन १९५७ ते १९६५ पर्यंत नऊ हंगाम खेळला; त्यांतल्या आठांत त्याच्याइतकी मजल दुसऱ्या कोणीच मारली नाहीं. त्याची एकूण मजल १२,३१२ यार्डांची. १९६४ सालीं त्याचा संघ अजिंक्यहि ठरला. १९६६ सालीं, चित्रपटाच्या कामासाठीं इंग्लंडांत असतांना, ऐन तिशींत त्यानें खेळ सोडला. पुढें त्याच्या विक्रमाच्या मागें पिट्सबर्ग स्टीलर्सचा फ्रँको हॅरिस लागला. हा हॅरिस चार वेळां अजिंक्य ठरलेल्या संघाचा मानकरी. अंगठ्यांनीं माणसाचें समाधान व्हावयाचें तर त्याचें व्हावयास हवें होतें. पण १९८४ सालीं वेतनावरून स्टीलर्सशीं बिनसून त्यांनीं त्याला सोडून दिलें, तरी तो घरीं बसला नाहीं. विक्रमास सुमारें ३६० यार्ड कमी होते. तो सिॲटलच्या संघांत गेला, तेथें आठ सामन्यांत १७० यार्ड रखडत मिळविले, आणि विक्रमाच्या १९२ यार्ड अलीकडेच त्याचा प्रवास संपला. ब्राउनचें वर्तन तर याहून मौजेचें. हॅरिसनें आपला विक्रम मोडला तर आपण पुन्हां मैदानांत उतरूं, अशी धमकी त्यानें वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं देऊन ठेवली होती! विक्रम मोडला तो तिसऱ्यानेंच. शिकागोच्या वॉल्टर पेटननें ७ ऑक्टोबर १९८४ रोजीं ब्राउनला मागें टाकलें, आणि १९८७ पर्यंत आपली मजल १६,७२६ यार्डांवर नेली.

त्या पेटनचीच गोष्ट पुढें पाहण्यासारखी आहे. दुबळ्या संघांत वर्षानुवर्षें मार खात धांवल्यावर १९८६ च्या २६ जानेवारीस तो अखेर सुपर बोल खेळला. बेअर्सनीं न्यू इंग्लंडचा ४६–१० असा फडशा पाडला. गुणांची एवढी लूट चालली असतां पेटनच्या वांट्यास एकहि टचडाउन आला नाहीं. तीनशें पौंडांहून अधिक वजनाचा विल्यम पेरी हा खरें तर बचावाच्या फळींतला गडी. गंमत म्हणून त्याच्या हातीं चेंडू देण्यांत आला व त्यानें टचडाउन केला. अजिंक्यपद मिळूनहि पेटनचें मन खट्टू झालें, हें लपून राहिलें नाहीं. प्रशिक्षक माइक डिट्‌का यांनाहि ती चूक जन्मभर सलत राहिली. शहाणे म्हणतील कीं, संघ जिंकल्यावर टचडाउन कोणाचा हें पाहूं नये. पण अकरा वर्षें ज्यानें तो गाडा ओढला, त्यास विजयाच्या दिवशीं आपल्या हातचें कांहीं तरी त्यांत असावें असें वाटलें, यांत क्षुद्रपणा दिसत नाहीं.

विक्रमांवरचा आक्षेप दुसरा आहे आणि तो अधिक खोल जातो. क्रिकेटमध्यें फलंदाज गोलंदाजासमोर एकटा उभा असतो. त्याच्या धांवा बव्हंशीं त्याच्याच. येथें चेंडू घेऊन धांवणाऱ्यापुढें पांच धिप्पाड गडी प्रतिपक्षाला अंगानें रेटून वाट करून देतात. वाट झाली तर धांव. नाहीं तर धांवणारा जागच्या जागीं लोळतो. आणि यार्ड लागतात ते त्या एकट्याच्या नांवावर! १९७३ सालीं बफलोच्या ओ. जे. सिम्प्सननें चवदा सामन्यांत २,००३ यार्डांची मजल मारली. दोन हजारांची रेघ त्याआधीं कोणी ओलांडली नव्हती. सामन्यानंतर वार्ताहरांच्या भेटीस जातांना त्यानें आपल्या आघाडीच्या फळींतल्या गड्यांना बरोबर नेलें व त्यांची एकेकाची ओळख करून दिली. सिम्प्सनच्या पुढच्या आयुष्याची कथा निराळी व काळी आहे. परंतु त्या दिवशीं त्यानें विक्रमाचा हिशेब खरा मांडला, हें नाकारतां येत नाहीं. शिवाय या हिशेबाचें मापहि वेळोवेळीं बदलत आलें. हंगाम एके काळीं बारा सामन्यांचा होता. १९६१ पासून चवदा, १९७८ पासून सोळा, आणि २०२१ पासून सतरा. १९८४ सालीं लॉस एंजेलिस रॅम्सच्या एरिक डिकर्सननें २,१०५ यार्डांचा नवा विक्रम केला तो सोळा सामन्यांत. चवदा सामन्यांअखेर त्याची बेरीज १,७९२ च होती. मग वरचढ कोण?

त्याहून वाईट म्हणजे, जें मोजलें जात नाहीं तें घडलेंच नाहीं असा समज रूढ होतो. चेंडू फेंकणाऱ्या गड्यास, म्हणजे क्वार्टरबॅकला, त्यानें फेंक करण्यापूर्वींच लोळविणें यास ‘सॅक’ म्हणतात. त्याची अधिकृत गणना १९८२ पासून होऊं लागली. साठीच्या दशकांत डीकन जोन्सनें किती क्वार्टरबॅक धुळीस मिळविले, याला लीगच्या वहींत जागा नाहीं. आघाडीच्या फळींतल्यांना तर स्वतःचा असा आंकडाच नसतो. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर हा त्या फळीच्या मध्यभागीं सतरा हंगाम उभा राहिला, त्यांतले पंधरा पिट्सबर्गलाच. हॅरिसच्या हजारों यार्डांपुढें त्याचें डोकें व खांदे होते. हॅरिसइतक्याच, म्हणजे चार अंगठ्या त्यालाहि मिळाल्या. पण खेळ सोडल्यावर त्याची बुद्धि ढळत गेली. घर सुटलें, कांहीं काळ तो निराश्रित होऊन हिंडला, आणि २४ सप्टेंबर २००२ रोजीं पन्नासाव्या वर्षीं वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनीं त्याचा मेंदू तपासला, आणि डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनीं होणारी मेंदूची झीज या खेळांतील माणसांत प्रथमच सिद्ध झाली. २००५ सालीं त्यांनीं तो शोध प्रसिद्ध केला. लीगनें त्यावर प्रथम अविश्वासच दाखविला. विक्रमवाले व अंगठीवाले यांच्या भांडणांत वेब्स्टरची बाजू घेणारा कोणी भेटत नाहीं. विक्रमाच्या वहींत त्याच्यासाठीं रकाना नव्हता, आणि अंगठ्यांनीं त्याचें छप्पर राखलें नाहीं.

तर मग अजिंक्यपद हें तरी व्यक्तीच्या थोरवीचें खरें माप आहे काय? तेंहि नव्हे. मायामीचा डॅन मरीनो यानें १९८४ सालीं, आपल्या दुसऱ्याच हंगामांत, ५,०८४ यार्डांच्या फेंका केल्या व ४८ टचडाउन करविले. असें पूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें. १९८५ च्या जानेवारींत त्याचा संघ सुपर बोलमध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोकडून ३८–१६ असा हरला. मरीनो तेव्हां तेवीस वर्षांचा होता. आणखी पंधरा हंगाम तो खेळला, पण त्या सामन्याचा उंबरठा त्याला पुन्हां दिसला नाहीं. उलट ट्रेंट डिल्फर या बेताच्या क्वार्टरबॅकनें २००१ च्या जानेवारींत बाल्टिमोर रेव्हन्सच्या विलक्षण बचावाच्या जोरावर सुपर बोल जिंकला, आणि त्याच्याच संघानें पुढच्या हंगामासाठीं त्याला ठेवून घेतलें नाहीं. अंगठी हेंच माप धरलें तर डिल्फर मरीनोहून मोठा म्हणावा लागेल. असें म्हणणारा माणूस अमेरिकेंत सांपडणें कठीण. पेटन मॅनिंगच्या बाबतींत तर एकाच माणसांत हा विरोध दिसला. २०१३ च्या हंगामांत डेन्व्हरकडून त्यानें ५,४७७ यार्ड व ५५ टचडाउन असे दोन विक्रम केले आणि सुपर बोलमध्यें सिॲटलनें त्याच्या संघाला ४३–८ असें धुऊन काढलें. दोन वर्षांनीं हात थकलेला, मान शस्त्रक्रियांनीं जर्जर झालेली. हंगामभरांत नऊ टचडाउन आणि प्रतिपक्षाच्या हातीं गेलेल्या फेंका सतरा. त्या हंगामाच्या अखेरीस, ७ फेब्रुवारी २०१६ रोजीं, बचावानें सामना जिंकून दिला व मॅनिंग अजिंक्य म्हणून निवृत्त झाला.

तात्पर्य, अजिंक्यपद हें ध्येय म्हणून थोर आहे. माणसाचें माप म्हणून नाहीं. पन्नासांवर माणसांच्या श्रमाचें फळ एकाच्या बोटांत घालून त्याचें मोल ठरविणें, हा विक्रमवाद्यांच्याच चुकीचा दुसरा अवतार होय. खेळ मांडला आहे तो सामना जिंकण्यासाठीं, तेव्हां गड्यानें विजयासाठींच खेळावें हें रास्त; पण खेळून झाल्यावर त्याचें मूल्य ठरविणारांनीं तो कोणाच्या संगतींत व कोणाच्या आड उभा होता, हें पाहिल्यावांचून बोलूं नये. गड्याची पारख व्हावयाची तर विक्रम आणि विजय यांचे रस्ते फुटतात त्या क्षणीं ती अधिक चांगली होते.

असा एक क्षण २००२ च्या ६ जानेवारीस आला. जायंट्सचा मायकेल स्ट्रेहन एका हंगामांतील सॅकच्या विक्रमापासून अगदीं जवळ होता. तोंवरचा विक्रम मार्क गॅस्टिनोचा, २२ चा. सामना जायंट्स हरतच होते, त्यांचा हंगाम केव्हांच वायां गेला होता. शेवटच्या मिनिटांत ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह चेंडू घेऊन स्ट्रेहनच्या बाजूस वळला आणि त्याच्या पायांशीं जवळजवळ आपण होऊनच आडवा झाला. २२.५ चा विक्रम झाला. पण त्या दिवसापासून त्या आंकड्यासोबत एक हंसूं चिकटून बसलें. सहा वर्षांनीं याच स्ट्रेहनच्या जायंट्सपुढें न्यू इंग्लंडचा संघ आला. टॉम ब्रेडीच्या ५० टचडाउन-फेंका, रँडी मॉसनें झेलून केलेले २३ टचडाउन आणि संघाचे ५८९ गुण, हे त्या वेळचे तिन्ही विक्रम त्या एका संघाचे. हंगामांत एकहि पराभव नाहीं. २००८ च्या ३ फेब्रुवारीस जायंट्सनीं त्यांना १७–१४ असें हरविलें. तो स्ट्रेहनचा शेवटचा सामना ठरला. त्या विजयाला कोणी हंसलें नाहीं.

याउलट डिट्रॉइटचा बॅरी सँडर्स. येथें सांगण्यासारखें हें कीं, १९३२ सालीं सर्कशीच्या मातींत हरलेला पोर्ट्‌समथचा संघ १९३४ सालीं डिट्रॉइटला नेण्यांत आला व त्याचें ‘लायन्स’ असें नामकरण झालें. त्यांचें शेवटचें अजिंक्यपद १९५७ चें. अशा संघांत सँडर्स १९८९ सालीं आला. ठेंगणा, चपळ, चार जणांच्या मिठींतून निसटणारा. पहिल्याच हंगामांत, अखेरच्या सामन्याच्या शेवटीं शेवटीं, त्याला कळविण्यांत आलें कीं, आणखी दहा यार्डांनीं तो लीगमधील सर्वांत अधिक मजलेच्या मानकऱ्याला गांठील. सामना संघानें खिशांत घातलाच होता. प्रशिक्षकांनीं मैदानांत जाण्याची मुभा दिली. सँडर्सनें ती नाकारली व तो मान १,४८० यार्डांवर क्रिश्चन ओकोये याच्याकडे राहिला. सँडर्सचे १,४७० झाले. पुढें दहा हंगामांत त्यानें १५,२६९ यार्डांची मजल मारली. त्यांत १९९७ चे २,०५३ यार्ड होते. पण हंगामोत्तर बाद फेरींत त्याच्या वांट्यास विजय आला तो एकच, १९९२ च्या जानेवारींत. १९९४ च्या ३१ डिसेंबरला ग्रीन बेनें त्याला असें कोंडलें कीं, तेरा वेळां चेंडू घेऊन त्याची बेरीज शून्याच्याहि एक यार्ड खालीं गेली; आघाडीची फळी कोसळली कीं अप्रतिम गड्याचेंहि काय होतें, याचा तो धडा.

मग १९९९ च्या जुलैंत सँडर्सनें विचिटा या आपल्या जन्मगांवच्या वृत्तपत्राकडे एक छोटें निवेदन धाडलें व तो निवृत्त झाला. वय एकतीस, अंगांत बळ होतें, आणि पेटनचा विक्रम अवघ्या १,४५७ यार्डांवर होता. एक चांगला हंगाम, फार तर दीड. अनेकांनीं त्याला दोष दिला. विक्रमवाद्यांना तो वेडा वाटला, कारण हातचा मुकुट त्यानें टाकला. अंगठीवाद्यांना तो पळपुटा वाटला, कारण अजिंक्यपदासाठीं तो दुसऱ्या संघांत गेला नाहीं. परंतु पुढें त्यानें स्वतःच सांगितल्याप्रमाणें, हा संघ जिंकण्यासाठीं मनापासून झटत आहे असा त्याचा विश्वास उरला नव्हता. म्हणजे विजयाची आशा संपल्यावर नुसत्या आंकड्यासाठीं अंग झिजविणें त्याला मान्य नव्हतें. १९८९ च्या त्या दहा यार्डांशीं हें सुसंगतच आहे. पेटनचा विक्रम २००२ सालीं डॅलसच्या एमिट स्मिथनें मोडला आणि पुढें १८,३५५ पर्यंत नेला. स्मिथला तीन अजिंक्यपदेंहि मिळालीं. विक्रम व विजय दोन्ही एका घरीं नांदले. तरीहि दोघांना खेळतांना पाहिलेल्या पुष्कळ जाणत्यांना, धांवण्याच्या कलेंत सँडर्स सरस होता असेंच वाटतें. या मताला आधार कोणत्या रकान्यांत सांपडावयाचा?

अगदीं अलीकडची घटना फिलाडेल्फियाची. सॅक्वॉन बार्कली सहा हंगाम जायंट्सकडे होता. २०२४ सालीं तो शेजारच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तेथील आघाडीची फळी भक्कम. सोळा सामन्यांत त्यानें २,००५ यार्डांची मजल मारली. डिकर्सनचा चाळीस वर्षांचा विक्रम मोडण्यास १०१ यार्ड हवे होते, सतरावा सामना शिल्लक होता, आणि तो होता बार्कलीला सोडून देणाऱ्या जायंट्सशींच, फिलाडेल्फियाच्याच मैदानावर. याहून गोड सूड कोणता! पण बाद फेरींतील ईगल्सचें स्थान आधींच निश्चित झालेलें होतें. त्या सामन्याच्या निकालानें कांहींच बदलणार नव्हतें. प्रशिक्षक निक सिरियानी यांनीं मुख्य गड्यांना विश्रांति देण्याचें ठरविलें. ५ जानेवारी २०२५ रोजीं बार्कली मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि राखीव गड्यांनीं जायंट्सना २०–१३ असें हरविलें. डिकर्सननें आपला विक्रम मोडला जाऊं नये अशीच इच्छा असल्याचें आधींच मोकळेपणानें सांगून टाकलें होतें.

दोन आठवड्यांनीं, १९ जानेवारीस, बर्फ पडत असतांना डिकर्सनच्याच जुन्या संघाविरुद्ध, रॅम्सविरुद्ध, बार्कली २०५ यार्ड धांवला. त्यांत ६२ व ७८ यार्डांच्या दोन दौडी थेट टचडाउनपर्यंत गेल्या. ९ फेब्रुवारी हा त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस. त्या दिवशीं ईगल्सनीं कॅन्सस सिटीला ४०–२२ असें हरवून सुपर बोल जिंकला. त्या सामन्यांत प्रतिपक्षानें सारी ताकद बार्कलीला अडविण्यांत खर्च केली, त्याच्या वांट्यास अवघे ५७ यार्ड आले, आणि मोकळ्या झालेल्या जागेंतून इतरांनीं गुण लुटले. बाद फेरी धरून त्याची वर्षाची बेरीज २,५०४ झाली. इतकी मजल त्यापूर्वीं कोणीच मारली नव्हती. पण लीगच्या वहींत हंगामाचा विक्रम बाद फेरी वगळून मोजतात. त्या रकान्यांत डिकर्सनचे २,१०५ यार्ड तसेच राहिले. त्या १९८४ सालीं रॅम्स बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यांत जायंट्सकडून १६–१३ असे हरले होते, आणि पुढें निवृत्त होईपर्यंत डिकर्सनला सुपर बोल एकदांहि खेळावयास मिळाला नाहीं.